शेततळ्यात, विहिरीत बुडून मुलं जातात, गावपातळीवर नक्की काय करता येईल?

माळावरची_शाळा

नमस्कार मंडळी. मी झेडपीच्या शाळेत शिकवते, सिन्नर-संगमनेर पट्ट्यातलं गाव आहे, डाळिंब, कांदा, थोडी द्राक्षं, आणि आता जवळपास प्रत्येक वस्तीवर शेततळं. २०१६ ला मागेल त्याला शेततळे योजना आली त्यानंतर तर खूपच वाढली. पाण्याची सोय झाली हे शंभर टक्के खरं, टँकरची वाट बघणारी माणसं आज फळबाग करतायत, त्यामुळे शेततळ्याच्या विरोधात बोलायला मी आलेले नाही हे आधीच सांगते.

पण उन्हाळ्याची सुट्टी लागली की पेपरात आतल्या पानावर ती छोटी बातमी येतेच, शेततळ्यात बुडून दोन भावंडांचा मृत्यू. आणि कित्येकदा त्याच्या खाली अजून एक ओळ असते, वाचवायला उतरलेल्या आईचाही मृत्यू. यंदा शेजारच्या गावात हेच झालं. मुलं आमच्या शाळेतली नव्हती पण माझ्या वर्गातल्या पोरांच्या नात्यातली होती, शाळा भरली तेव्हा पोरं दुसरं काही बोलतच नव्हती.

त्यावर मोठी माणसं काय बोलतात, तर नशीब. नाहीतर आईबापाचं लक्ष नको का. मला हे पटत नाही. गावात डेंग्यूचा एक पेशंट सापडला तर आरोग्यवाले घरोघर येऊन पाण्याची पिंपं तपासतात, डबकी बघतात, फवारणी करतात. इथे त्याच महिन्यांत, त्याच वयाची, तशाच तळ्यात दरवर्षी मुलं जातायत आणि ते तळं बघायला कोणी येत नाही. पोलीस पाटील कळवतो, पोलीस येतात, पंचनामा, पोस्टमार्टेम, आकस्मिक मृत्यूची नोंद आणि फाईल बंद. पुढच्या महिन्यात तळं तसंच असतं, कुंपण नाही काही नाही.

तर विचारायचं हे की बुडून मरणं हा सरकारदरबारी आरोग्याचा विषय धरला जातो का, की फक्त पोलिसांचा? ग्रामसभेत मी काय मांडू म्हणजे लोक नुसतं हो हो करून उठणार नाहीत? आणि शाळेत मुलांना काय शिकवू, कारण पोहायला शिकवणं माझ्या हातात नाही, तशी सोयही नाही आणि परवानगीही मिळणार नाही.

तालुका_डॉक्टर

बाई, प्रश्न अगदी बरोबर ठिकाणी विचारलाय. मी ग्रामीण रुग्णालयात आहे आणि बुडालेली मुलं मला ओपीडीत जवळजवळ कधीच भेटत नाहीत, थेट पोस्टमार्टेमलाच येतात. गोम इथेच आहे. साप चावलेला माणूस दवाखान्यात येतो, आम्हाला दिसतो, त्याच्यासाठी लस मागवावी लागते, रजिस्टर असतं. बुडालेला आमच्यापर्यंत जिवंत येतच नाही म्हणून तो आमच्या खात्याच्या डोळ्यासमोरच नसतो.

कागदावर विचाराल तर हो, आरोग्याचा विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने बुडण्यावर पहिला जागतिक अहवाल २०१४ ला काढला, २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठराव करून २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा दिवस ठरवला. डिसेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२१ या एका वर्षात जगात अंदाजे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यातली साधारण चौथा हिस्सा पाच वर्षांखालची मुलं. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये यासाठी धोरणात्मक आराखडा आणला. एनसीआरबीच्या (केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाच्या) आकड्यांत २०२२ साली देशात ३८ हजारांहून जास्त लोक अपघाताने बुडून गेलेत, आणि मध्य प्रदेश, महाराष्ट्र ही राज्यं त्यात वरच असतात. पण लक्षात घ्या, हे आकडे पोलीस नोंदीतून येतात. आधी सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम १७४ खाली नोंद व्हायची, जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. या नोंदीचा उद्देश एकच, घातपात आहे की नाही ते बघणं. घातपात नाही म्हटलं की विषय संपला. तळ्याला कुंपण होतं का, प्लास्टिक होतं का, मूल कितीच्या सुमारास गेलं, घरातलं मोठं माणूस त्यावेळी कुठे होतं, यातलं एकही तुम्हाला एकत्र केलेलं सापडणार नाही. मीसुद्धा रिपोर्टमध्ये बुडून श्वास कोंडल्याने मृत्यू एवढंच लिहितो, कारण फॉर्ममध्ये तेवढंच विचारलेलं असतं. आता मला सांगा, डासाची पैदास कुठे होते हे न लिहिता डेंग्यू कसा आटोक्यात आणणार.

अमेरिकेत विल्यम हॅडन म्हणून डॉक्टर होते, १९६६ ला तिथल्या रस्ते सुरक्षेच्या पहिल्या सरकारी संस्थेचे प्रमुख झाले. त्यांची पद्धत सोपी होती, अपघाताचे तीन भाग करायचे, आधी, त्यावेळी आणि नंतर, आणि प्रत्येक भागात माणूस, वस्तू आणि आजूबाजूची परिस्थिती वेगवेगळी तपासायची. ड्रायव्हर नीट चालवत नव्हता एवढं म्हणून थांबायचं नाही. तुमच्या ग्रामसभेला हाच हिशोब लावा. आधी म्हणजे मूल तळ्यापर्यंत पोचू नये, त्यावेळी म्हणजे पडलंच तर धरायला काहीतरी हवं, नंतर म्हणजे बाहेर काढल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं हे गावात चार जणांना तरी यायला हवं.

त्या नंतरच्या भागावर मी जरा जास्त बोलतो कारण तो माझा विषय आहे. बुडणारं मूल ओरडत नाही, हात हलवून हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही तर ओरडणार कधी, म्हणून दहा हातांवर धुणं धुणाऱ्या आईलाही कळत नाही. ऑक्सिजन बंद झाला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. आणि आपल्याकडे ही मिनिटं कशात जातात माहितीये, पोट दाबून पाणी काढण्यात, पायाला धरून उलटं करण्यात, खांद्यावर टाकून पळण्यात. पोटातलं पाणी काढून काहीही उपयोग नाही, उलट ते श्वासनलिकेत जातं. मूल बेशुद्ध आहे आणि श्वास नाही तर सपाट जमिनीवर उताणं ठेवा, डोकं किंचित मागे, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्या, छाती वर उचललेली दिसली पाहिजे. बुडण्यात आधी श्वास, मग छातीच्या मधोमध दाबणं, तीस वेळा दाबून दोन श्वास, आणि १०८ ची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात आणाच, काही तासांनी श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो.

तुमच्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) मेडिकल ऑफिसरला पत्र द्या, शाळेत एक दुपार द्यायला सांगा. पुतळा नसला तरी उशीवर शिकवता येतं.

साधा_माणूस_८२

डॉक्टरसाहेब सगळं मान्य पण आईबापाची काही जबाबदारी आहे की नाही? सगळं सरकारने करायचं का, आमच्या वेळी पण विहिरी होत्या, आम्ही पण उड्या मारायचो. आता पोरं मोबाईल घेऊन तळ्यावर जातात रील काढायला. लोणावळ्याच्या भुशी डॅमचं २०२४ चं बघितलं ना, सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला, एकाच घरातली पाच माणसं वाहून गेली. लोक सूचना ऐकत नाहीत हो.

बांधावरून

@साधा_माणूस_८२ दादा तुमच्या वेळची विहीर आणि आजचं शेततळं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो कळल्याशिवाय हा विषय कळणार नाही. माझं स्वतःचं तळं आहे, ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल, आत ५०० मायक्रॉनचं प्लास्टिक. विहिरीला दगड असतो, कपार असते, पायऱ्या असतात, मोटारीचा पाईप असतो, झाडाची मुळी असते. कुठेतरी बोट अडकतं. शेततळ्यात चारी बाजूंनी उतार आणि त्यावर गुळगुळीत कागद (आम्ही कागदच म्हणतो प्लास्टिकला), पाण्याखाली त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर. पाय ठेवला की घसरला. पट्टीचा पोहणारा माणूस मध्यावर पोहत राहील पण काठावर येऊन त्याला वर चढता येत नाही, हात टेकतो, घसरतो, परत टेकतो, परत घसरतो, आणि पाच-दहा मिनिटांत दम संपतो. म्हणून पोहता येणारी माणसंसुद्धा गेलीत शेततळ्यात. आणि म्हणूनच आई उतरते ती पण जाते, मागून बाप उतरतो तो पण. ती बेसावध नव्हती हो, ती तर लेकराला काढायलाच गेली होती. यात लक्ष नव्हतं हा मुद्दा येतोच कुठे.

तळ्यावर माणसं कशाला जातात तेही सांगतो. रील वगैरे असेल एखाद्याचं. पण जास्त करून बादलीभर पाणी घ्यायला, फवारणीच्या पंपात पाणी भरायला, हातपाय धुवायला, फूटव्हॉल्व्हमध्ये (मोटारीच्या पाईपाच्या पाण्यातल्या तोंडाला) अडकलेला कचरा काढायला, शेरडाला पाणी पाजायला, आणि मुलं उन्हाची पोहायला. म्हणजे रोजचं काम. रोजच्या कामाची जागा अशी ठेवायची का की पाय घसरला तर परत येताच येणार नाही.

आम्ही काय केलं ते लिहितो, बाईंना ग्रामसभेत सांगायला उपयोग होईल. चारी बाजूंना बांधावर लोखंडी खुंट्या ठोकल्या, प्रत्येक खुंटीला दोर बांधून तो तळापर्यंत सोडला, दोराला हात-हातभर अंतरावर गाठी. एका कोपऱ्यात जुने टायर एकाला एक बांधून शिडीसारखे खाली सोडले, टायर पंक्चरवाल्याकडे मिळतात, त्याला काही फार पैसे पडत नाहीत. झाकण घट्ट लावलेले रिकामे वीस लिटरचे कॅन दोराला बांधून पाण्यावर सोडलेत. पाणी घ्यायला आत वाकायची गरज पडू नये म्हणून तळ्याच्या बाहेर एक नळ काढला, मला विचाराल तर सगळ्यात जास्त उपयोग या नळाचा झाला, बायामाणसं आता बांधावर चढतच नाहीत.

आणि कुंपण. यावर मी खोटं बोलणार नाही, कुंपण करणं सोपं, गेट बंद ठेवणं अवघड. मोटार चालू करायला दिवसातून चार वेळा जावं लागतं, लाईट रात्रीची येते, माणूस गेट उघडं टाकून जातो. म्हणून आम्ही मोटारीचा स्टार्टर कुंपणाच्या बाहेर घेतला. ज्याला जमेल त्याने हे आधी करावं.

सरकारने काय करावं विचाराल तर अनुदानाचा शेवटचा पैसा कुंपण आणि दोर यांचा फोटो बघितल्याशिवाय सोडू नये. तसाही कृषी सहायक मोजमापाला येतोच, फोटो काढतोच, त्यात अजून एक फोटो.

तालुका_डॉक्टर

@बांधावरून हे सगळं मला दहा वर्षांपूर्वी कोणीतरी सांगायला हवं होतं. @साधा_माणूस_८२ भुशीला गेलेले लोक फिरायला गेले होते, ते सगळ्या देशाने पाहिलं, जिल्हाधिकाऱ्यांनी लगेच बंदीचे आदेश काढले. पण आमच्या टेबलावर येतात त्यातले बरेचसे घरापासून हाकेच्या अंतरावर गेलेले असतात, कामावर, नाहीतर खेळता खेळता. त्यांचा व्हिडिओ नसतो म्हणून त्यांच्यासाठी आदेशही निघत नाही.

आशा_वस्तीवरची

मी आशा कार्यकर्ती आहे, नगर जिल्हा (आता अहिल्यानगर). तुम्ही सगळे शाळेतल्या मुलांचं बोलताय, मला त्याहून लहानांचं बोलायचंय, दीड ते चार वर्षांची. त्यांना तळंसुद्धा लागत नाही, घराजवळचा खड्डा, जनावरांचा हौद, कठडा नसलेली विहीर, कालवा पुरतो. पाण्याने भरलेला बॅरल पण पुरतो. ही मुलं कुठली असतात बघा. ऊसतोडीला आलेल्यांची, वीटभट्टीवरची, कांदा लागवडीला आलेल्या मजुरांची, सालगड्याची. कोप्या (झोपड्या) टाकायला जागा मिळते ती कालव्याच्या कडेला नाहीतर विहिरीजवळ, कारण पाणी लागतं ना. आई-बाप दोघं फडात, बाळाला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. त्या बहिणीला आयुष्यभर लोक ऐकवतात तू कुठे होतीस म्हणून. अशी एक मुलगी माझ्या वस्तीवर आहे, ती आता कोणाशी धड बोलत नाही.

बांगलादेशात यावर काम झालंय, आम्हाला एका ट्रेनिंगमध्ये दाखवलं होतं. तिथे दारात पुकुर म्हणजे तळी, लहान मुलं खूप जायची. त्यांनी बघितलं की सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात जास्त मुलं जातात कारण आई त्यावेळी कामात असते. मग त्यांनी गावातल्याच बाईकडे पाच वर्षांखालची मुलं त्या वेळेपुरती सांभाळायला ठेवली, आंचल नाव त्याचं. जी मुलं तिथे होती त्यांच्यात बुडून मरण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून जास्त कमी झालं. मशीन नाही, औषध नाही, फक्त एक बाई आणि एक बंद दार. आपल्याकडे अंगणवाडी आहे पण ती दुपारी सुटते आणि मजुरी संध्याकाळपर्यंत असते. केंद्राची पाळणा योजना आहे, अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची, ती वस्तीवर आणि फडावर यायला पाहिजे.

आणि पैशाचं पण सांगते कारण कोणी सांगत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत बुडून मृत्यू बसतो, दोन लाख मिळतात, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पहिल्या महिन्यातच अर्ज करायचा, सातबारा, पोस्टमार्टेम, पंचनामा सगळे कागद जपून ठेवायचे. दुःखात लोकांचा महिना निघून जातो, म्हणून शेजाऱ्यांनी तरी लक्षात ठेवावं. पण वय १० ते ७५ आणि घरात कोणाच्या तरी नावावर जमीन हवी. म्हणजे मी ज्या मुलांचं सांगतेय ती दोन्हीकडून बाहेर. वयातही बसत नाहीत, जमीनही नाही. ज्यांना सगळ्यात जास्त धोका त्यांच्यासाठीच काही नाही, याचा मला राग येतो.

भोपळा_बांधून_शिकलेली

@माळावरची_शाळा शाळेत काय शिकवायचं यावर लिहिते. मी कराडकडची, कृष्णाकाठची. आमच्या लहानपणी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा नाहीतर वाळलेला भोपळा पाठीला बांधून काका-मामा पोरांना नदीत ढकलायचे, चार दिवसांत पोर पोहायचं. माझ्या आजोबांनी मलाही शिकवलं पण माझ्या वर्गातल्या एकाही मुलीला घरच्यांनी शिकवलं नव्हतं. धुणं धुवायला, पाणी आणायला मुलीनेच जायचं आणि पोहायला मात्र मुलग्यानेच शिकायचं, हे कुठलं शहाणपण. आता तर मुलग्यांनाही कोणी शिकवत नाही, नदीत पाणी कधी सोडतील सांगता येत नाही आणि विहिरी बोअरमुळे आटल्या. म्हणजे शिकायच्या जागा गेल्या आणि बुडायच्या जागा वाढल्या.

पण पोहणं न शिकवताही एक गोष्ट शाळेच्या मैदानावर शिकवता येते. कोणी पाण्यात पडलं तर आपण उतरायचं नाही. ओरडायचं, मोठ्यांना बोलवायचं, आणि हाताला येईल ते फेकायचं, झाकण लावलेला तेलाचा रिकामा कॅन, हवा भरलेली ट्यूब, चऱ्हाट, काठी, साडी, ओढणी. टाकताना स्वतः पालथं झोपायचं म्हणजे तो ओढेल तेव्हा आपण आत जाणार नाही. मुलांना दोन गट करून खेळासारखं घ्या, एकाने गोलात बसायचं, दुसऱ्याने गाठ मारलेला दोर फेकून त्याला बाहेर ओढायचं. हे परत परत घेतलं तर वेळेला हात आपोआप दोराकडे जातो, नाहीतर भाऊ बुडताना बघून पोर आधी उडीच मारतं, त्यात त्याची चूक नाही, जीव तुटतो.

उतरू नका हे मोठ्यांनाही सांगायला पाहिजे. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावला प्रवरेत बुडालेल्या मुलांना शोधायला एसडीआरएफची (राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची) टीम आली होती, त्यांची बोट उलटली आणि तीन जवान गेले. शिकलेली, तयारीची माणसं ती. पाण्याचा अंदाज त्यांनाही आला नाही, तर साडी नेसलेल्या बाईला तीन मीटरच्या तळ्यात काय येणार.

साधा_माणूस_८२

बांधावरून भाऊ, काठाला येऊन चढता येत नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या मेहुण्याचं तळं आहे येवल्याला, दोर वगैरे काही नाही. उद्याच फोन करतो. दोर कुठला घ्यायचा तेवढं सांगा.

माळावरची_शाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. मी ठरवलंय ते सांगते, चुकत असेल तर सांगा. ग्रामसभेत लांबलचक भाषण करणार नाही. गावातली सगळी तळी आणि कठडा नसलेल्या विहिरी यांची यादी आम्ही शिक्षक, आशाताई आणि पोलीस पाटील मिळून करतोय, मालकाचं नाव, प्लास्टिक आहे का, दोर आहे का, कुंपण आहे का, जवळ किती लहान मुलं राहतात, बाहेर नळ आहे का. ती यादी वाचून दाखवणार आणि दोर-टायरचा ठराव त्याच दिवशी मागणार. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीतून दोर घ्यायचा. आणि मजुरांच्या कोप्या पाण्यापासून लांब टाकू द्यायच्या, हे जमीनमालकांनी तोंडावर कबूल करावं असं म्हणणार आहे, यावर वाद होईल हे माहितीये. पीएचसीला पत्र उद्या जातंय.

फक्त साधा माणूस दादांचा प्रश्न माझाही आहे, दोर कुठला?

बांधावरून

नायलॉनचा घ्या, अंगठ्याएवढा जाड. बारीक दोर ओल्या हाताने धरता येत नाही, हात कापतो. सुतळी, काथ्या नको, कुजतो. प्लास्टिकचा स्वस्त पिवळा-निळा दोर उन्हाने वर्षा-दोन वर्षात भुगा होतो, तो घेतलाच तर दर उन्हाळ्याच्या आधी ओढून बघा. खुंटी बांधाच्या बाहेरच्या अंगाला ठोका, आतल्या अंगाला ठोकली तर कागद फाटतो आणि मग मालकच दोर काढून टाकतो. दोर तळापर्यंत गेला पाहिजे, कारण उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की अर्धवट दोर हवेत लोंबतो आणि मुलं तेव्हाच उतरतात. एका बाजूला एक दोर पुरत नाही, दर दहा फुटांवर एक. बांधल्यावर एकदा तुम्ही स्वतः, कमरेला दुसरा दोर बांधून आणि वर दोन माणसं उभी करून, आत उतरून त्या दोराने वर येता येतंय का बघा. आलं नाही तर गाठी वाढवा.